रविवार सोडून

साक्षीचा निरोप आला तेव्हा मी संस्थेच्या कॅन्टीनमध्ये इडलीवर सांबार ओतत होते. "ताई, तुमचा हट्टी आठ दिवसांचा निघाला. चिलीवाल्यांची निरीक्षणं आलीत. सॉरी." खाली एक पडेल चेहरा. मी ओततच राहिले. सांबार ताटलीतून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या मांडीवर आलं, समोरचा माणूस "मॅडम, मॅडम" करायला लागला, तेव्हा कुठे हात थांबला. हट्टी म्हणजे एक तारा. वृषभ राशीच्या दिशेला असलेला, ताऱ्यांच्या मानाने अगदी तान्हा, भोवती वायूची आणि धुळीची मोठी तबकडी बाळगून असलेला. त्याचं खरं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा. हट्टी हे मी ठेवलेलं. साक्षी माझ्या हाताखाली काम करते, तिनं ते उचललं आणि मग सगळ्या मजल्यावर तेच चाललं. गेलं वर्षभर मी जगाला सांगत होते की हा तारा एका दिवसाच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. भोवती तबकडी असलेल्या ताऱ्यानं असं करायचं नसतं. म्हणून तो हट्टी, आणि त्याच्याच जोरावर मला चिलीच्या वेधशाळेत तीन वर्षांचं काम मिळालं होतं. घरी सांगून झालं होतं; जाते की नाही, ते तिकडे या आठवड्यात कळवायचं होतं.

का करायचं नसतं, ते मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. वायूचा ढग आकसून तारा होतो, आणि आकसला की त्याची गिरकी वाढते. चौलच्या दत्ताच्या जत्रेत एक हातानं फिरवायचं चक्र असायचं. मी आणि माझा भाऊ निकेत काठावर बसायचो, आणि ते फिरायला लागलं की दांडा धरून हळूहळू मध्याकडे सरकायचो. चक्र एकदम भन्नाट सुटायचं, बाकीची पोरं किंचाळायची आणि चक्रवाला आम्हाला शिव्या घालायचा. या हिशेबानं सगळे तरुण तारे गरगरून जायला हवेत. पण ते जात नाहीत, कारण त्यांना धरलेलं असतं. ताऱ्याचं चुंबकत्व बाहेर पसरून तबकडीत रुतलेलं असतं. तबकडी तिथं सावकाश फिरते, आणि ती ताऱ्यालाही सावकाश करते. दोघं एकमेकांना चिकटलेले मात्र नसतात. मध्ये रिकामी जागा असते, आणि तिच्यातून त्याच न दिसणाऱ्या रेषांवरून तबकडीतला वायू ताऱ्यावर पडत राहतो. म्हणजे खायला घालणारी तीच, आवरून धरणारीही तीच. पुढे कधीतरी तबकडी विरते, तारा सुटतो आणि मग मनासारखा फिरतो. हा सगळा नियम मला पाठ होता आणि मनातून मला तो कधीच आवडला नव्हता. सगळं गणगोत भोवती असूनही मोकळा फिरणारा एक तरी असेल, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर तसं असावं अशी माझी इच्छा होती. हट्टी सापडला त्या दिवशी मी अख्ख्या मजल्याला जिलेबी वाटली होती.

चूक कशी झाली, तेही मला साक्षीचा निरोप वाचता वाचताच कळलं. ताऱ्यावर डाग असतात. डाग आपल्याकडे आला की तारा थोडा मंद होतो, पलीकडे गेला की उजळतो, त्यावरून गिरकी मोजायची. पण आमची दुर्बीण एका डोंगरावर, आणि तारा बघायला मिळायचा तो रोज त्याच सुमाराला, ढगांतून मिळतील तेवढे तास. आज डाग इथे होता, उद्या आठवा हिस्सा पुढे. आता मधल्या वेळात तो नुसता आठवा हिस्सा सरकला, की पूर्ण फेरी मारून वर आठवा हिस्सा सरकला, हे रोज एकाच वेळी बघणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. आलेखावर दोन टोकं आलेली होती, जवळजवळ सारख्या उंचीची. एक आठ दिवसांचं, एक एका दिवसाच्या आतलं. धोका पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो तोच. तरी मी मला आवडलं ते उचललं. आमच्याकडे दिवस असतो तेव्हा चिलीत रात्र असते. त्यांनी आमच्या दिवसाउजेडी त्याच्याकडे बघितलं, आणि तो शहाण्या मुलासारखा सावकाश फिरत होता.

वाटलं, बरं झालं. आता ते लोकच नको म्हणतील, म्हणजे मला ठरवायला नको. पण साडी पुसून खोलीत आले तर तिथल्या प्रमुख बाईंचं पत्र येऊन पडलेलं. असं होतं, त्यांनी लिहिलं होतं, म्हणूनच दोन्हीकडच्या दुर्बिणी जाणणारं माणूस इथे हवंय; कधी येतेस? मला त्यांचा रागच आला. खिडकीखाली बसमधून उतरलेली मुलं सहलीची रांग लावत होती. मी पर्स उचलली, साक्षीला म्हटलं घरी जाऊन येते, आणि टॅक्सीवाल्याला भाऊचा धक्का सांगितला. बुधवार होता. बुधवारी मी घरी कधीच गेले नव्हते.

माझं घरी जाणं ठरलेलं असतं. महिन्यातला एक रविवार, सकाळच्या लाँचने रेवस, चारच्या लाँचने परत. जाताना धक्क्यावरून मासा घ्यायचा. सुरमई नाहीतर पापलेट. खाडीकाठच्या माणसांसाठी मुंबईहून मासा नेणारी मी एकटीच असेन, त्यावरून लाँचवरचे खलाशीसुद्धा माझी थट्टा करतात. पहिल्यांदा नेला तो सहज, स्वस्त मिळाला म्हणून. पण बाबांना तो असा काही आवडला की दर वेळी मी पायरी चढायच्या आत त्यांचं सुरू, "बाय, मासा आनलास?" मग ओट्यावरच्या खुर्चीत पांढरा शर्ट घालून बसलेले बाबा, आत आय भाकऱ्या थापतेय, वहिनी मृणाली तुकडे तळतेय, निकेत फोनवर ट्रकवाल्यांना ओरडतोय, आणि मग सगळ्यांचं एका पंगतीत जेवण. निकेतनं काहीतरी दुसरं, कोंबडी, अंडी, वाढायला सांगितलं तर बाबा ताटावर आडवा हात धरायचे. "माझे पोरीचा मासा हाय ना, बस झाला." मला केवढा अभिमान वाटायचा. चार वाजता लाँच सुटली की मी निवांत असायची. मिठागरावरून बापलेकांचं दोन वर्षांपूर्वी वाजलं होतं, निकेतनं अर्ध्या जमिनीवर भराव टाकून ट्रक उभे करायला मैदान केलं होतं. पण ते मिटलं असं मला दर महिन्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. आज लाँचवर गर्दी नव्हती. डिझेलचा वास, पाठीमागे उडणारे पांढरे पक्षी, त्यांना वेफर टाकणारं एक नवीन जोडपं. बंदर मागे पडल्यावर हात रिकामा वाटला म्हणून बघितलं, तर पिशवी नव्हती. मासा घ्यायचा मी विसरले होते. चुकल्यासारखं झालं, पण तेवढंच.

दारात मृणाली होती. मला बघून तिनं पहिल्यांदा मागे बघितलं. "ताई, आज?" तिच्या आवाजात भीती होती, आणि मला वाटलं कोणी गेलं. ओट्यावर खुर्ची नव्हती. आत गेले तर ती जिन्याखाली उभी करून ठेवलेली, तिच्यावर मुलांच्या शाळेची दप्तरं. शेजारी खुंटीला बाबांचा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, वर प्लास्टिकची पिशवी चढवलेला. नाटकातले कपडे असे ठेवतात. मी त्या शर्टाकडे बघत उभी राहिले; विचारायच्या आत मला उत्तर कळलं होतं. आय मोरीतून हात पुसत आली. बारकी, ताठ बाई; रडताना मी तिला कधी बघितलेली नाही.

"बाबा कुठायत?"

"मिठागरावं."

"संध्याकाळी येतील ना?"

"नाय येत," आय म्हणाली. "दोन वरसा झाली. तिकरंच ऱ्हातात, खोपटीन. भरावाचे पैशाचा घास नको बोलले."

"आणि मी येते तेव्हा?"

"तवा येतात. तुझेसाठी." ती खाली बसली आणि माझा हात ओढून मलाही बसवलं. "तुना कललं असतं तं तू ऱ्हायली असतीस व्हय मुंबईला, न् जाशील व्हय त्या देशाला? बसली असतीस इथंच, आमची भांडनं सोडवीत."

मृणालीनं चहा ठेवला. मी तो घेतला नाही. राग कुणाचा येतोय ते धड कळत नव्हतं. दर महिन्याला मी येऊन आलेखासाठी घ्यावा तसा एक बिंदू घ्यायची, तोच वार, तेच तास, आणि त्या बिंदूंतून एक सुखी घर काढायची. साक्षीला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. मग मनात आलं, म्हणजे खरं हे आहे. हे घर केव्हाच फुटलंय, आणि त्याला जोडून ठेवणारी मी एकटीच आहे. मी गेले की शर्ट पिशवीतून निघायचा नाही. जायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि कबूल करायला हवं, ठरवल्यावर मला थोडं मोठंही वाटलं. त्याच तोऱ्यात मी उन्हात बाहेर पडले.

निकेतचं मैदान लाल मातीचं, त्यावर रांगेनं उभे ट्रक, आणि ते संपतं तिथून पुढे जुना बांध. बांधाच्या पलीकडे मिठागराचा उरलेला तुकडा. पूर्वी नजर पोचेल तिथपर्यंत वाफे होते; आता बाबा एकटे पिकवतील तेवढेच. पौषातलं ऊन, खाली ओहोटी, चिखलाला तो आंबूस वास, जो मुंबईत मला कधीतरी झोपेत येतो आणि मी उठून बसते. बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून वाफ्याचा काठ पायानं दाबत होते. अंगात बनियन, दाढी वाढलेली. ते माझे बाबा वाटत नव्हते, आणि मग लक्षात आलं की हेच ते, तो खुर्चीतला कोणी वेगळा होता.

"कशी आयलीस गो बाय? आज तं बुधवार हाय." मग हसले. "मासा आनलास?"

"विसरले."

"मंग आज घरी जेवाला नाय जमाचा," ते म्हणाले, आणि पाय दाबत राहिले.

मला एक क्षण लागला. ते थट्टा करत नव्हते. कधीच करत नव्हते. मुंबईहून मी आणलेला मासा, आणि आपल्या शेतातल्या तांदळाची भाकरी. मीठ त्यांच्याच हातचं, हे मला आत्ता आठवलं. ताटाशेजारी कागदाची पुडी असायची. दोन वर्षं निकेतच्या घरात, निकेतच्या पंगतीला बसून त्यांनी निकेतचं काहीही पोटात घातलं नव्हतं. माझ्या अभिमानाचा तो मासा. मी बांधावर बसले आणि रडले. बाबांनी रडू दिलं. मग चिखलातून बाहेर येऊन, हात बनियनला पुसून, माझ्यापासून हातभर अंतरावर बसले.

"मी नाही जात," मी म्हटलं. "चिलीला. इथेच राहते. दर रविवारी येईन, मासा घेऊन."

खाडीच्या बाजूनं भरती चढायला लागली होती, चिखलावर पाण्याची पातळ जीभ पुढे सरकत होती. "जरा थांब," ते म्हणाले. "ऊन उतरू दे."

ऊन उतरेपर्यंत त्यांनी दोन वाफे पुरे केले, मी खोपटीतला माठ धुऊन भरला. सूर्य पलीकडच्या टेकडीवर टेकला तेव्हा मैदानाच्या बाजूनं मोटारसायकलचा आवाज आला. बांध सुरू होतो तिथे ती थांबली. मागून आय उतरली, हातात डबा. पदर खोचून ती बांधावरून चालत यायला लागली, रोजच्या वाटेनं यावं तशी, खाली न बघता. गाडीवर निकेत होता. तो उतरला, गाडी स्टँडला लावली आणि आमच्याकडे पाठ करून ट्रकांकडे बघत उभा राहिला. बाबांनीही तिकडे बघितलं नाही. आयनं डबा उघडला: भाकरी, वालाची आमटी. "आपले वालाची हाय," ती म्हणाली, मला नाही, त्यांना. बाबा जेवले. जेवताना आय गावातलं काय काय सांगत होती, कुणाची गाय व्यायली, कोणाचा रस्ता अडला, आणि मध्येच, आवाज न बदलता, "निकेतला दोन दिस ताप व्हता." बाबांनी घास थांबवला. "औषिद घेतला?" "घेतला." घास पुढे गेला. थोड्या वेळानं बाबा वाऱ्यावर बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "भरतीचा पानी मैदानाचे कोपऱ्यान शिरंल औंदा. तिकरचे गारी हलवाला पायजेत." पाठमोरा निकेत हलला नाही. पण त्यानं फोन काढला आणि कोणाला तरी कोपऱ्यातल्या दोन गाड्या काढायला सांगितल्या. हे रोजचं असं चालत होतं. दोघांच्या मध्ये अख्खा बांध मोकळा होता आणि त्या मोकळ्या जागेवरून सगळं ये-जा करत होतं. मी दुपारी चुकले होते. रविवारचा एक बिंदू आणि बुधवार दुपारचा एक, त्यावरून फुटलेलं घर काढून मोकळी झाले होते, आणि वर त्याला जोडून ठेवणारी म्हणून स्वतःचं नावही घातलं होतं. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की पुन्हा रडू येतंय की काय अशी भीती वाटली.

मी बांधावरून चालत निकेतपाशी गेले. जवळून तो दमलेला दिसला, कानाजवळचे केस पिकलेले. लहानपणी चक्रावर मध्याकडे सरकताना माझा हात तोच घट्ट धरायचा.

"बोलायचं ना, रेवसला गाडी पाठवली असती," तो म्हणाला.

"पुढे का जात नाहीस?"

"बोलवत नाहीत." मग ट्रकांकडे बघत, "आणि बोलवलं तर काय बोलू, ते पण माहीत नाही यार. भराव काय परत उचलता येतो?"

त्या रात्री मी घरी राहिले, आणि सकाळी निघायच्या आधी पुन्हा बांधावर गेले. बाबांनी दाढी केली होती, माझ्यासाठीच असणार. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "जातेस ना?" मी मान हलवली. कालचं मोठेपण कुठे गेलं होतं कोण जाणे. उरली होती ती फक्त त्यांना सोडून जायची धास्ती, आणि ती खरी होती.

"फोन करत जाईन. दर रविवारी."

"आयतवारी नको," बाबा म्हणाले. "आयतवारी तुना सगले बरा हाय असाच सांगतील. मी पन सांगेन. मधेच कर. कवा बी."

रेवसला निकेत सोडायला आला. लाँचला वेळ होता. धक्क्यावर दोन बाया सुकट विकत बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "तू गेलीस की मासा कोण आणणार? मग ते एक दिवस पण घरी येणार नाहीत." हे तो किती वेळ मनात धरून होता, ते आवाजावरून कळत होतं. मला त्याची इतकी माया आली की मी त्याच्या दंडाला धरलं.

"तू आण," मी म्हटलं. "लाँचने जा, धक्क्यावर उभा राहून घे, लाँचने ये. ट्रकमधून कोणाला आणायला सांगू नकोस."

"मी आणलेला खातील ते?"

"बहुतेक नाही."

"मग?"

"मग परत आण."

तो हसला नाही. लाँच सुटली तेव्हा तो तिथेच उभा होता, या खेपेला तोंड माझ्याकडे करून.

संस्थेत पोचल्यावर मी दोन पत्रं लिहिली. पहिल्यात हट्टीबद्दलचा माझा निष्कर्ष चुकला असल्याचं, कुठे आणि कसा ते सविस्तर. दुसऱ्यात, येते. साक्षीनं दोन्ही वाचली आणि विचारलं, ताई, आता त्याला हट्टी म्हणायचं का? म्हटलं, म्हण, नाव राहू दे. रविवारी फोन करायला हात शिवशिवत होता. तो दिवस मी कपाट आवरून काढला. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी ऊन उतरायच्या सुमाराला लावला. आयनं उचलला, मागे वारा होता, म्हणजे ती बांधावर होती.

"गेलता तो आयतवारी," ती आपणहून म्हणाली. "लाँचनी. कोलनीनी फसवला त्याला, सगला बर्फाचा मासा."

"आणि बाबा?"

"घरी नाय आले. यानं पिशवी बांधावं ठेवली आनी गेला परत गारीपाशी. मी हितंच चुलीवं तललां. यो मासा परवाचा हाय, बोलले. याला मातीच कलते, बोलले." मग म्हणाली, "एक तुकरा खाल्ला."

मी खिडकीपाशी उभी होते. खाली दिवे लागत होते. एक तुकडा. एवढ्याशावरून काहीतरी मोठं सुंदर काढायची मला जी खोड आहे, ती घशापर्यंत आली, आणि मी ती गिळली.

"आय, मी परवा परत करते. तिकडे गेले तरी याच वेळेला करीन, तिथे सकाळ असते."

"कर," आय म्हणाली. "याच वेलेला कर. मी आवाज मोठा करून ठेवीन, म्हंजे निकेतला बी तिकरं गारीपाशी ऐकू येल."